चढवलेलं घर

बुवांच्या घराचं दार पावणेतीन हात उंच होतं. हे मी अंदाजाने सांगत नाही. पहिल्या भेटीत माझं कपाळ चौकटीवर आपटलं आणि दुसऱ्या भेटीत मी ते मोजलं.

मी मोजणीखात्यात कारकून होतो. बिऱ्हाड जुन्नरात, पण वर्षातले सात-आठ महिने पाय डोंगरात. घोडेगाव मागे टाकून भीमाशंकरच्या वाटेला लागलं, की उजव्या हाताला एक डोंगराची सोंड उतरते. तिच्यावर, वाटेपासून पुरेसं वर, बुवांचं घर होतं. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांवर शेणमाती, आणि वर गवताचं छप्पर. छपराची वळचण इतकी खाली आलेली, की बसलेल्या माणसाने हात वर केला तर पेंढ्याला लागावा. शेजारी तशाच बांधणीचा गोठा. दोन्ही बुवांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली. घरात ते आणि त्यांची बालविधवा धाकटी बहीण. बहीण धाकटी, तरी सगळं खोरं तिला आक्का म्हणायचं, आणि बुवाही आक्काच म्हणायचे.

बुवा मृदंग वाजवत. गुरवाच्या घरात जन्मलेले, तरुणपणी कुठल्याशा संस्थानात नोकरीला होते. ती नोकरी का सोडली याच्या तीन गोष्टी मी तीन माणसांकडून ऐकल्या. तिन्ही एकमेकींशी जुळत नव्हत्या, म्हणून एकही लिहीत नाही.

त्यांच्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीच्या तुकड्याची मोजणी करायला मी पहिल्यांदा गेलो. ओढ्यापासून त्यांच्या उंबऱ्यापर्यंत साखळी टाकली. आमची साखळी तेहेतीस फुटांची, तिचे भाग सोळा. बुवा वळचणीखाली बसून बघत होते. काळे, सडसडीत, दोन्ही हातांची बोटं सारखी मांडीवर हलणारी.

"किती भरलं, साखळीवाले?" त्यांनी विचारलं.

"अकरा साखळ्या, वर तीन भाग."

"आमच्याकडं बारा आवर्तनं भरत्यात. चौतालाची."

मला यातलं काही कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. चौताल बारा मात्रांचा. एका मात्रेला एक पाऊल. बारा आवर्तनं म्हणजे एकशे चव्वेचाळीस पावलं. मी तिथल्या तिथे हिशोब केला. पाऊल पावणेएकतीस इंचांचं निघालं, आणि चढावर ते फार लांब होतं. मी तसं बोलून दाखवलं. ते उठले, ओढ्याला गेले, तिथून चालत आले. मी मोजत होतो. एकशे चव्वेचाळीसावं पाऊल ओढ्यापासून धरलं तर उंबऱ्याच्या अलीकडे पडलं, आणि त्याच्या पुढचं, म्हणजे नव्या आवर्तनाचं पहिलं, समेचं, नेमकं उंबऱ्यावर.

मग मी त्यांना उतारावरून मोजायला लावलं. तेवढीच पावलं. डोक्यावर घागर घेऊन चढायला लावलं. तेवढीच पावलं. मी सरकारी माणूस, माझं काम संपलेलं, पण माझे पाय तिथून हलेनात.

"दर वेळी इतकं जमवायचं कशाला?" मी विचारलं.

"सम उंबऱ्यावर यायला पायजे," बुवा म्हणाले. "न्हाईतर मानूस आत येतो आन् पाय भाईरच ऱ्हातो."

त्यानंतर अकरा वर्षं, त्या बाजूला मोजणी असो वा नसो, मी वर्षातून तीन-चार वेळा तिथे जात राहिलो.

जाताना दोन शेर गव्हाचं पीठ न्यायचो. ते माणसांसाठी नसायचं. मृदंगाच्या डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक थापावी लागते, तेव्हा त्याला भरीव घुमारा येतो. डोंगरात गहू कुठला? तिथे नाचणी आणि वरई. पीठ आलं की आक्का ते वेगळ्या मडक्यात ठेवायची. बुवांनी जन्मात त्यातली चिमूट तोंडात टाकली नाही. एकदा मी आजारातून उठलेला, म्हणून आक्काने मला त्यातल्या दोन पोळ्या केल्या. बुवांनी ताटाकडे पाहिलं.

"कुनाचं खाताय?"

"तुमच्याच पाव्हण्यानं आनलंय नव्हं दादा, त्याला न्हाई द्यायचं व्हय?" आक्का म्हणाली.

"द्या की. पन उद्या डावं तोंड रुसलं तर ह्यांनी समजूत काढायची."

वाजवून झालं की थापलेली कणीक काढून ते गाईला घालत. गाय ती खायला बरोबर वेळेवर दाराशी यायची. आक्का म्हणायची, या खोपटात गहू खाणारी दोनच जणं, एक मृदंग आणि एक गाय.

शेकरूशी त्यांचं भांडण होतं. समोरच्या आंब्यावर एक शेकरू राहायचं आणि सकाळी फांदीवर बसून कडकडकडक ओरडायचं. बुवांचं म्हणणं, ते तिहाई घेतं, एकच बोल तीनदा, आणि शेवटी अर्ध्या मात्रेने चुकतं. रोज चुकतं. ते ओरडलं की बुवा काठीने मेढीवर, म्हणजे घराच्या खांबावर, तेच बोल बरोबर करून वाजवत. मग शेकरू पुन्हा ओरडायचं, पुन्हा चुकायचं.

"आठ वरसं शिकवतोय," ते मला गंभीरपणे म्हणाले, "पन गडी आपलाच हेका चालवतोय. न्हाई, हाय त्यात गुन. घरान्याचं न्हाई, एवढंच."

त्यांची एक सवय मात्र मला विचित्र वाटे आणि तिचा अर्थ मी कधी खोदून विचारला नाही. मृदंग लावताना ते कुणाला आत येऊ देत नसत. मी पोचलो आणि दाराला घोंगडी लावलेली असली, तर आक्का बोट ओठांवर ठेवायची आणि मला गोठ्याकडे बसवायची. आतून हातोडीची टकटक आणि अधूनमधून एकेक थाप ऐकू यायची. कधी अर्धा तास, कधी दोन तास. एकदा मी म्हटलं, बुवा, एवढं काय झाकायचं? ते म्हणाले, "जेवताना बगा, झोपताना बगा. लावताना न्हाई बगायचं. लुगडं नेसताना बायामानसांना बगतं का कुनी?" त्यामुळे मृदंग वाजवतात कसा हे मी अकरा वर्षं पाहिलं, आणि लावतात कसा, त्या कामाला कोणते शब्द वापरतात, यातलं एक अक्षर मला कळलं नाही.

घर इतकं बुटकं का बांधलंत, हे मात्र मी विचारलं होतं. कारण कपाळ माझं होतं.

"आवाज पाव्हणा हाय, साखळीवाले," ते म्हणाले. "दार मोठं ठिवलं की बसत न्हाई. उभ्या उभ्या निघून जातो."

बसायच्या खोलीत पितळेचं भांडं नाही, कारण ते मध्येच गुणगुणतं. एका भिंतीला दोन सुपं उलटी टांगलेली, समोरच्या कोपऱ्यात गवताची पेंढी. पेंढी मी एकदा पाय पसरायला म्हणून हातभर सरकवली. बुवांनी एक थाप मारली, थांबले, आणि म्हणाले, "हितनं काय हाललं?"

जुन्नरच्या एका मारवाडी शेटजींनी नवी दुमजली इमारत बांधली. माणूस हौशी आणि मोठ्या मनाचा. वास्तुशांतीला बुवांचा मृदंग ठेवायचा त्यांनी घाट घातला आणि त्यांना आणायचं काम माझ्यावर आलं. बुवा आले. वरच्या मजल्यावर दिवाणखाना, फरशी घोटलेली, भिंतींना चुन्याची झिलई, छत दहा हातांवर, शंभर माणसं बसलेली. बुवा मधोमध उभे राहिले आणि त्यांनी एकच टाळी वाजवली. मग मान तिरकी करून उभे राहिले. लोकांना वाटलं काही विधी आहे.

"शेटजी, दिवाणखाना लई देखना हाय," ते म्हणाले. "खाली काय हाय?"

"खाली कोठार, बुवा. गूळ, तांदूळ."

"मग चला की तितं."

शेटजी खो खो हसले आणि स्वतः पुढे होऊन जिना उतरले. शंभर माणसं गुळाच्या ढेपांवर आणि तांदळाच्या पोत्यांवर बसली. कुणाच्या जरीच्या काठाला गूळ चिकटला, कुणी मुंगळे झटकत होतं. बुवांनी दीड तास वाजवलं. प्रत्येक बोल सुटा, एखाद्याने ओंजळीत एकेक दाणा ठेवावा तसा. मला गाण्यातलं कळत नाही, पण त्या दीड तासात मी काहीही मोजलं नाही, एवढं नक्की.

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं. आणि तरीही पुढे मी जे केलं ते केलं.

त्या वर्षी पौषापासून बुवांना खोकला धरला. माघात मी गेलो तेव्हा ते अंथरुणावर होते आणि मृदंग कापडात गुंडाळलेला. फाल्गुनात मी ओतूरच्या बाजूला मोजणीवर असताना जुन्नरच्या घरी त्यांचं कार्ड येऊन पडलं. माझ्या हाती ते आठ दिवसांनी आलं. मोडीत, थरथरत्या हातानं लिहिलेलं. ते माझ्यापाशी अजून आहे, म्हणून जसंच्या तसं उतरवतो:

"साखळीवाले यांसी नमस्कार. घर फार उतरलं आहे. उजवी बाजू तर पार बसली. माझ्या हातानं आता चढत नाही. पावसाच्या आत कुणा जाणत्याकडून चढवून घ्यावं. जुनं सामान होईल तेवढं राखावं. आक्काला बोलू नये, तिला उगा घोर."

त्याच दिवशी निघालो. पोचलो तेव्हा बुवांना जाऊन पाच दिवस झाले होते.

आक्का वळचणीखाली बसली होती. मी घराकडे पाहिलं. आणि खरोखरच घराची उजवी भिंत खचलेली होती. मागच्या पावसात मेढ कुजली होती आणि त्या बाजूचं छप्पर वीतभर खाली आलं होतं. उजवी बाजू पार बसली. कार्डातला शब्द न् शब्द माझ्या डोळ्यांसमोर उभा होता. मी हाताने मोजूनही घेतलं.

कार्ड मी आक्काला वाचून दाखवलं नाही, कारण तिला बोलू नये असं त्यात होतं. मी एवढंच म्हटलं, "आक्का, बुवांची शेवटची इच्छा आहे. पावसाच्या आत इथलं बांधकाम उंच करून घ्यायचं."

तिने विचारलं, "दादा म्हनला आसं?"

"त्यांच्या हातचं पत्र आहे."

"दादा म्हनला आसंल तर करा, भाऊ," ती म्हणाली. "मला न्हाई उमगत. पन त्याचं सगळंच कुठं उमगत व्हतं?"

खर्चाचं इथे लिहीत नाही. तो माझा होता आणि मी आनंदाने केला. वचन दिल्याशिवाय पडलेलं वचन मी जास्त मानतो, कारण त्यातून सुटका मागायला समोर माणूस नसतो.

डिंगोऱ्याचा एक सुतार बोलावला. हात उत्तम, तोंड वाईट. सामान राखायचं म्हणून जुन्या मेढी त्याने काढून, कुजका भाग कापून, खाली दगडाची बैठक देऊन पुन्हा उभ्या केल्या. भिंती तीन हातांच्या होत्या त्या मी सहा हात करायला सांगितल्या. आढं सात हातांवर होतं ते अकरा हातांवर नेलं. छपराला मंगलोरी कौलं, पुण्याहून गाड्यांनी वाटेच्या पायथ्यापर्यंत आणि तिथून डोक्यावर. आठशे दहा निघाली, सत्तावीस फुटली. दार चार हात. दोन खिडक्या. भिंतींना चुना.

"कारकूनभाऊ," सुतार आढ्यावरून ओरडला, "हितं उंट येनार हाय का ऱ्हायाला?"

"पत्रात चढवून घ्यावं असं आहे. तू चढव."

"चढवतो की. आनिक एक हात चढिवला तर भीमाशंकराला जायाची गरज न्हाई. हितनंच दर्शन."

काम एकोणचाळीस दिवसांत संपलं. वैशाख संपायला आठ दिवस होते. त्या खोऱ्यातलं ते कौलांचं एकमेव घर. लांबच्या वाटेवरून लाल दिसायचं. मी आत गेलो, ताठ. मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो. आक्का इतके दिवस गोठ्यात राहिली होती. तिला मी आत नेलं. ती मधोमध उभी राहिली आणि तिने वर पाहिलं, बराच वेळ, झाडावर चढलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"लई उजेड झाला," ती म्हणाली.

मी ती तारीफ समजलो आणि जुन्नरला आलो.

पुढचं मला दिवाळीनंतर कळलं. मी पुन्हा गेलो, पीठ नव्हतं, तिच्यासाठी थोडा गूळ नेला होता. कौलांच्या घराला बाहेरून कडी. धूर गोठ्यातून येत होता. आत गेलो तर एका बाजूला दोन गाई, दुसऱ्या बाजूला आक्काची चूल, अंथरूण आणि कापडात गुंडाळलेला मृदंग. आषाढापासून ती गोठ्यात राहत होती. आख्खा पावसाळा.

मला वाटलं कौलं गळत असतील. आत जाऊन पाहिलं. जमीन खडखडीत कोरडी, एक डाग नाही.

"आक्का, इथे का?"

ती चुलीत फुंकर घालत राहिली. मग सांगितलं. बुवा असताना ते रोज दिवेलागणीला वाजवायला बसायचे. ते गेल्यावर तिने एवढंच ठेवलं होतं, की दिवा लावला की उघड्या हाताने मृदंगावर एक थाप द्यायची. बसलेली, ढिली का असेना, एक थाप.

"मागं थाप दिली की खोपट व्हय म्हनायचं," ती म्हणाली. "भित्ताडातनं, पेंढ्यातनं, हळूच. जसं दादा आत बसून हुंकार देतोय. आता थाप दिली की कौलं वाजत्यात. कुनी भलतंच बोलतंय आसं वाटतं. मला न्हाई बसवत तितं, भाऊ. तुमचा दोष न्हाई. दादाचीच मर्जी."

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. मी तिला नाना परींनी समजावलं. घोंगड्या लावू, सुपं टांगू. एक दिवस राहून मी सगळं टांगलं, मोजून, जुन्या जागांवर. तिने आत येऊन एक थाप दिली, मान हलवली आणि चुलीकडे परत गेली. पायथ्याच्या वाडीत तर उघड बोलत होते. एक म्हातारा माझ्या तोंडावर म्हणाला, "राव, तुमी मोजनी लई झ्याक करता. बाईला मोजून गोठ्यात घातली." एक पासष्टीला आलेली बाई माझ्यामुळे गुरांत राहत होती, आणि तिला बाहेर कसं काढायचं हे मला कळत नव्हतं.

फाल्गुनात बुवांचं वर्षश्राद्ध आलं. बुवांचा एकच शिष्य शेवटपर्यंत टिकला होता. वारूळवाडीचा, चाळिशीचा, कीर्तनांत मृदंगाची साथ करून पोट भरणारा, बडबड्या माणूस. गेलं वर्षभर तो फिरतीवर होता आणि बातमी त्याला फार उशिरा लागली होती. तो डोंगर चढून आला, लाल कौलं पाहिली आणि वाटेतच उभा राहिला.

"हे काय म्हनायचं?" तो म्हणाला. "देऊळ का कचेरी?"

"बुवांची इच्छा होती," मी म्हटलं.

"कुनाची?"

"बुवांची. त्यांनी चढवून घ्यायला सांगितलं."

"बुवांनी? छप्पर उंच करायला? आवं भाऊ, मी यकदा दाराची चौकट दोन बोटं वर घेऊ का म्हनलो, तर तीन दिस मला शिकिवलं न्हाई त्यांनी!"

मी कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. त्याने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्याच्या तोंडावर आधी हसू आलं, ते फुटायच्या आत विरलं, आणि तो खाली दगडावर बसला.

"आक्का," त्याने हाक मारली, "दादा ह्या खोपटाला कधी घर म्हनला का गं?"

आक्का दाराशी आली. "घर? न्हाई बा. खोपटच म्हनायचा."

अकरा वर्षं. मी आठवू लागलो. कोरडं कर खोपट, खोपटात ये, या खोपटाचं छप्पर शाकारायचंय. घर हा शब्द एकदाही नाही. मी, जो दाराची उंची अंगुळांत सांगतो, त्याच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

वारूळवाडीकराने गोठ्यातून मृदंग आणला आणि माझ्यासमोर त्याचं उजवं तोंड धरलं. कातड्याच्या कडेला वेणी असते, तिच्यातून वाद्या, म्हणजे चामड्याच्या पट्ट्या, जातात. दोन वाद्यांमधली एकेक जागा त्याने बोटाने दाखवली.

"हे घर. हे घर. हे घर. आशी सोळा. कातडं ढिलं पडलं की आमी म्हनतो घर उतरलं. हातोडीनं ठोकून सुरात आनलं की घर चढलं. म्हातारा तुमाला एवढंच सांगत व्हता, साखळीवाले, की हे लावून घ्या कुनाकडनं तरी, पावसाची ओल लागायच्या आत, जुनं कातडं आन् वाद्या राखून. माझ्याच्यानं हातोडी उचलत न्हाई. आन् आक्काला कळू देऊ नका, की माझा हात गेला."

मी त्या सोळा जागांकडे पाहत उभा राहिलो. उजवी बाजू खरोखर पार बसलेली होती.

आक्काने कार्ड मागून घेतलं. वाचता येत नसतानाही तिने ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "म्हंजी दादाला खोपट मोडायचं नव्हतं?"

"नव्हतं, आक्का," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मला वाटलं ती रडेल किंवा मला बोलेल. मला दोन्ही चाललं असतं. पण तिचा चेहरा मोकळा झाल्यासारखा दिसला. वर्षभर ती भावावर मनातून रुसली होती, हे मला तेव्हा उमगलं.

वारूळवाडीकर हातोडी घेऊन बसला. आक्काने सवयीने दाराला घोंगडी लावायला घेतली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे आक्का, ह्यांना बगू दे. ह्यांनी लई किंमत मोजलीय." मग मी पहिल्यांदा पाहिलं. एक घर ठोकायचं, मग त्याच्या समोरचं, मग कान लावायचा. सव्वा तास लागला. आक्काने कुठूनसं वर्षापूर्वीचं गव्हाचं पीठ काढलं, चाळलं, भिजवलं.

आधी त्याने कौलांच्या घरात बसून वाजवलं. चढलेला मृदंग, पण पहिला बोल विरायच्या आत दुसरा त्याच्यावर पडे. तो दोन आवर्तनांत थांबला. "गुंतवळ होतीय," म्हणाला. जागा बदलली. चार कोपऱ्यांत बसून पाहिलं. मी प्रत्येक जागी खूण केली. काही उपयोग झाला नाही.

"गोठ्यात बगू?" तो म्हणाला. "त्यो बी म्हाताऱ्याच्याच हातचा हाय. आन् बुटका."

गाई आत असल्या तर जमणार नव्हतं. उन्हात कुठे बांधायच्या, म्हणून मी त्या सोडल्या आणि कौलांच्या घरात नेऊन बांधल्या. चार हातांच्या दारातून त्या शिंगांसकट सहज गेल्या.

वारूळवाडीकर गोठ्यात शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसला. आक्का बाहेर चुलीसाठी काटक्या मोडत होती. त्याने चौताल धरला. तिसऱ्या आवर्तनाला काटक्या मोडायचा आवाज थांबला. ती आत आली, भिंतीला पाठ लावून बसली आणि डोळे मिटून घेतले. तिच्या बोटांनी मांडीवर ठेका धरला होता. ती मृदंग जाणते हे मला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

वाजवून झाल्यावर मी तिच्यासमोर बसलो. "आक्का, चूक माझी आहे. मी कौलं उतरवतो. भिंती होत्या तेवढ्या करतो. जुनी मापं सगळी माझ्याकडे लिहिलेली आहेत."

"मापं आसतील," ती म्हणाली. "पन पुन्यांदा बांधलं तरी ते तुमचंच बांधलेलं व्हनार, भाऊ. हे दादानं बांधलंय. मी हितंच ऱ्हाते."

"गोठ्यात?"

"आता कुठं गोठा? गुरं भाईर गेली की."

"आणि त्या घराचं काय?"

तिने दारातून पलीकडे पाहिलं. अकरा हात उंच आढ्याखाली, चुना दिलेल्या भिंतीशी दोन्ही गाई निवांत रवंथ करत होत्या.

"तांबडी गाभन हाय," आक्का म्हणाली. "पावसात व्यायाची. तिला कोरडं लागतं. ऱ्हाऊ द्या तिला तितंच."

वारूळवाडीकर इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसलो, पण थोडं उशिराने.

पुढच्या पंधरवड्यात डिंगोऱ्याच्या सुताराला मी पुन्हा बोलावलं. तो काही बोलायच्या आत मी त्याला सांगितलं, की त्याला जे म्हणायचंय ते मी स्वतःला आधीच म्हणून घेतलं आहे. बुवा ज्या भिंतीला टेकून बसायचे, त्या भिंतीलगत, कौलांच्या घरात, आम्ही गाईंना चाऱ्यासाठी गव्हाण केली. या वेळी तांबडीला तिथे उभी केली, ती मान कुठवर खाली घालते ते पाहिलं, आणि मापं कागदावर लिहिली. सुताराच्या हाती कागद देण्याआधी तो मी आक्काला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला.